पाण्याचा जिना

मित्रांनो, मी साडेचार फूट लांबीचा, जस्ती पत्र्याचा एक जुना नमुना आहे. कशाचा नमुना, ते सांगायला थोडा वेळ लागेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी शेळ्यांना पाणी पाजायचे टाके वाटतो, आणि आयुष्याची काही वर्षे मी ते कामही केले आहे. पण मला घडवले होते ते वेगळ्याच कामासाठी. नदीतली बोट खडकाळ चढ कसा चढून जाते, हे मी लोकांना दाखवत असे.

माझा जन्म चंद्रपुरात, १९९७ सालच्या पावसाळ्यात झाला. मला घडवणारे आरिफभाई कूलर बनवत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलरवाल्याला जेवायला सवड नसते, आणि पाऊस लागला की त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. मग आरिफभाई धान्याच्या कोठ्या, बादल्या, नरसाळी असे काहीबाही करत बसत. अशाच एका रिकाम्या दुपारी त्यांच्या दुकानासमोर एक लूना थांबली. उतरलेल्या गृहस्थांच्या काखेत कागदाची लांब गुंडाळी होती.

ते वासेकरसाहेब. पाटबंधारे खात्यात त्यांनी सगळी नोकरी कालवा निरीक्षक म्हणून केली होती. धानाच्या शेतांना कोणत्या दिवशी किती पाणी सोडायचे, हे ते पाहत. तरुणपणी एकदा ते आंध्रात समुद्राकाठी गेले होते. तिथल्या कालव्यांतून भाताची पोती भरलेल्या बोटी चालताना त्यांनी पाहिल्या आणि ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुने कागद जमवले. काही राइस मिलवाले आणि लाकडाचे व्यापारी यांना बरोबर घेऊन त्यांनी ‘प्राणहिता जलमार्ग प्रचार मंडळ’ काढले. प्राणहिता नदीच्या बाजूने कालवे खोदावेत, त्यांतून बोटी चालाव्यात आणि आपल्या जंगली जिल्ह्यांतला माल थेट समुद्रापर्यंत जावा, हे लोकांना पटवून देणे हे मंडळाचे काम होते.

त्या दुपारी साहेबांनी आरिफभाईंना सगळा इतिहास सांगितला. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी हेच काम हाती घेतले होते. इकडचा कापूस गोदावरी आणि प्राणहितेतून बोटींनी न्यायचा, असा त्यांचा बेत होता. नदीत तीन ठिकाणी मोठमोठे खडक होते. तिथे बाजूने कालवे काढून, त्यांना दारे बसवून बोटी वर चढवायच्या होत्या. दगड घडवले गेले, बंधारे उभे राहू लागले, आणि मग काम अर्ध्यावर थांबले. आरिफभाई ऐकता ऐकता कात्रीने पत्रा कापत होते. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“साहेब, बोट वर चढते कशी? पानी तर खालीच जाते.”

साहेबांनी खडू मागितला आणि दुकानाच्या फरशीवर आकृती काढली. वरती कालवा, खाली नदी आणि मध्ये दोन दारांचा एक हौद. खालचे दार उघडले की बोट हौदात येते. दार लावायचे. मग वरच्या कालव्यातले पाणी हौदात सोडायचे. हौद भरतो, तशी बोट आपोआप उचलली जाते. पाणी वरच्या पातळीला आले की वरचे दार उघडायचे आणि बोट पुढे जाते. साहेब त्याला जलपाश म्हणत. आरिफभाई त्या आकृतीवर वाकून म्हणाले, “म्हणजे हा पान्याचा जिना झाला.” पुढे गावोगावी लोकांच्या तोंडी तेच नाव राहिले. मी त्या जिन्याचा नमुना.

मला करायला आरिफभाईंना तीन आठवडे लागले. कूलरसाठी आणलेल्या पत्र्यातूनच त्यांनी माझे अंग कापले. दोन्ही दारांना सायकलच्या ट्यूबचे रबर लावले. तरीही पहिले आठ दिवस मी गळत होतो. ते रोज मला पाण्याने भरत, बोटाने सांधे चाचपत आणि जिथे ओल लागेल तिथे पुन्हा कथलाचा डाग देत. शेवटी वीतभर लांबीची एक पत्र्याची बोट केली, तिला तांबडा रंग दिला आणि तिच्यात मूठभर धान भरले. बोट डुलत डुलत वर चढली तेव्हा त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली आणि शेजारच्या दुकानदारांना बोलावून आणले.

एक अडचण होती. बोट एकदा वर गेली की पुढच्या बोटीसाठी हौद रिकामा करावा लागे, म्हणजे दर फेरीला हौदभर पाणी वरून खाली येई. चार फेऱ्यांत माझा वरचा कप्पा आटत असे. आरिफभाईंनी त्यावर कूलरचा छोटा पंप बसवला. तो खालचे पाणी नळीने पुन्हा वर नेऊन टाकी. साहेबांना ही युक्ती फार आवडली. मात्र पंप दिसला तर लोक पंपाकडेच पाहत बसतील, असे ते म्हणाले. म्हणून माझ्या मागे एक हिरवा पडदा आला. त्यावर एका पेंटरने सागाची झाडे रंगवली. पंप त्या झाडांच्या मागे लपला. यात काही वावगे आहे असे तेव्हा आरिफभाईंना वाटले नाही, आणि मलाही नाही.

मग आमचा प्रचार सुरू झाला. मंडळाने भाड्याची जीप घेतली होती. तिच्या मागच्या भागात गादीवर मला आडवे ठेवत. शाळा, आठवडी बाजार, ग्रामपंचायती, जिथे माणसे जमत तिथे आम्ही जात होतो. घुग्घुसला सिमेंटच्या धुळीने माझे पाणी अर्ध्या तासात पांढरे झाले होते. तिथल्या ट्रकवाल्यांनी विचारले की माल बोटीतून गेला तर आमच्या गाड्यांनी काय करायचे. साहेबांनी त्यांना बोटीपर्यंत माल आणून द्यायला ट्रक लागतीलच, असे समजावले. थंडीत नाटकांचा हंगाम लागला की आम्ही वडशाला जायचो. दिवस कलताना तिकिटाच्या खिडकीवर रांग लागे आणि रांगेतली माणसे मला पाहायला येत. नाटक बाजूला राहिले, आधी बोट पुन्हा चढवा, असा आग्रह एका म्हाताऱ्याने धरला होता.

मला नीट ठेवायला आणि गळलो तर लगेच सांधायला म्हणून आरिफभाई बरोबर येत. त्यांनी बोलायचे ठरले नव्हते. पण मूल गावच्या बाजारात साहेबांचा आवाज बसला आणि माईक आरिफभाईंच्या हाती आला. ते आपल्या भाषेत बोलले. हौदाला त्यांनी टाकी म्हटले, दाराला फाटक. लोकांना ते चटकन कळले. त्या दिवसापासून इतिहास साहेब सांगत आणि जिना आरिफभाई.

जिथे वीज नसे तिथे पंप चालत नसे. तिथे साहेब स्वतः दारे उघडत आणि आरिफभाई पडद्यामागे बादली घेऊन बसत. फेरी झाली की ते हळूच माझ्या वरच्या कप्प्यात पाणी ओतत. आवाज होऊ नये म्हणून ते पाणी हाताच्या तळव्यावरून सोडत. समोरच्यांना वाटे, वरचे पाणी कधी कमी होतच नाही.

अशी अडीच वर्षे गेली. आजूबाजूच्या जिल्ह्यांत माझे कौतुक झाले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. तो आरिफभाईंनी दुकानात कात्रीच्या खिळ्याशेजारी लावला. माझ्यासारखे आणखी वीस नमुने करून शाळांना वाटायचे मंडळाने ठरवले आणि ते काम आरिफभाईंना द्यायचे कबूल केले. उन्हाळ्याखेरीज वर्षभर हाताला काम मिळणार म्हणून त्यांनी नवा पत्रा आणून भिंतीला लावून ठेवला होता.

साल २००० च्या सव्वीस जानेवारीला आम्ही आंबेटोला नावाच्या गावी गेलो. हे गाव प्राणहितेच्या काठावर आहे. गावात पन्नासेक घरे, भोवती बांधांनी आखलेल्या धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगल. त्या दिवशी झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. कालव्याची मोजणी करायला आणि लागली तर नदीकाठची जमीन द्यायला गावाची हरकत नाही, असा ठराव मंडळाला हवा होता. नदीकाठचे एक गाव कबूल झाले की बाकीची होतील, असे साहेब जीपमध्ये म्हणाले होते. ठरावाचा कागद त्यांनी घरूनच लिहून आणला होता.

शाळेच्या अंगणात बाकावर मला मांडले. गावात वीज होती, पण सकाळपासून गेलेली होती. आरिफभाई बादली घेऊन पडद्यामागे बसले. साहेबांनी इंग्रजांच्या काळच्या बोटी, घडीव दगड, कापसाचे गठ्ठे असे सगळे रंगवून सांगितले. ते खरोखर छान सांगत. पुरुषमंडळी पुढे सरकून ऐकत होती. बायका शाळेच्या ओट्यावर, माझ्या एका कडेला बसल्या होत्या.

त्यांत सोमारीबाई होत्या. नदीवर जगणाऱ्या ढिवर समाजाच्या या बाई चाळिशीच्या होत्या. त्यांचा नवरा डोंगा चालवत असे. तो वारल्यावर त्यांनी वल्हे हातात घेतले. आंबेटोल्याच्या घाटावरून पलीकडच्या काठाला माणसे, सायकली, शेळ्या, बाजाराची टोपली असे सगळे त्याच नेत. पावसाळ्यात नदी कुठे फिरते, उन्हाळ्यात कोणता खडक आधी उघडा पडतो, हे त्यांना पाठ होते.

पहिली बोट चढली, दुसरी चढली, तिसरी चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी ठरावाचा कागद काढला. तेव्हा सोमारीबाई ओट्यावरून उठल्या.

“साहेब, एक विचारू का? बोट वर गेली का एवढं पानी खाली येते. मंग वरचं पानी सरत काऊन नाई?”

साहेब म्हणाले की वर पावसाचे पाणी साठवले जाईल, त्याची सगळी सोय योजनेत आहे. बाईंचे समाधान झाले नाही. त्या कडेला होत्या, त्यामुळे त्यांना पडद्याच्या मागचे थोडे दिसत होते. त्यांनी साहेबांना सोडले आणि पडद्याकडे पाहून विचारले.

“भाऊ, तुमी मांगून काय करून राह्यले?”

आरिफभाईंचा हात बादलीत होता. मला त्या हाताची चांगली ओळख आहे. माझा प्रत्येक सांधा त्याच हाताने जोडला आहे. तो हात बादलीत तसाच राहिला. साहेब त्यांच्याकडे पाहत होते. मग आरिफभाई उठले. त्यांनी पडद्याची दोरी सोडली आणि सागाची झाडे खाली पडली.

“बाई, मी पानी ओतून राह्यलो,” ते म्हणाले. “नाई ओतलं तर बोट चढत नाई.”

“मंग आता ओतू नका,” सोमारीबाई म्हणाल्या. “पाहू.”

आरिफभाईंनी बादली बाजूला ठेवली. दारे त्यांनी स्वतः उघडली आणि लावली. त्यानंतर तीन वेळा बोट चढली, चौथ्या वेळी अर्धवटच चढली. पाचव्या वेळी वरच्या कप्प्यात बोटभरही पाणी उरले नाही. धानाने भरलेली तांबडी बोट माझ्या पत्र्यावर खरडत टेकली आणि एका बाजूला कलंडली. धानाचे दाणे तळाशी पसरले. सरपंचांनी ठराव पुढच्या सभेपर्यंत राहू द्यावा असे सांगितले आणि सभा संपली.

परतीचा रस्ता लांबचा होता. आल्लापल्लीच्या जंगलातून जीप तासन् तास चालली. चंद्रपूर जवळ आल्यावर साहेब एवढेच म्हणाले की तू मला चार लोकांत खोटे पाडलेस. आरिफभाई म्हणाले, बाईंनी मला विचारले होते, तुम्हाला विचारले असते तर मी गप्प राहिलो असतो. त्यावर साहेब आणखीच चिडले. दुसऱ्या दिवशी मला मंडळाच्या खोलीत ठेवले गेले. वीस नमुन्यांचे काम आरिफभाईंकडून गेले. भिंतीला लावलेला नवा पत्रा त्यांनी उन्हाळ्यात कूलरला वापरून टाकला.

यापुढचे मी पाहिलेले नाही. नंतर साहेबांच्याच तोंडून ऐकले, ते सांगतो. साहेब रागावले होते, पण चाळीस वर्षे त्यांनी पाणी मोजले होते. बाईंचा प्रश्न त्यांना घरी स्वस्थ बसू देईना. एप्रिल लागला तसे ते एसटीने आंबेटोल्याला गेले, एकटेच. हातात खुणा केलेला बांबू होता. सोमारीबाईंच्या डोंग्यात बसून त्यांनी नदीची खोली मोजली. नंतर दर आठ दिवसांनी ते जात राहिले. ऊन असे पडत होते की बाई त्यांना डोक्यावर ओला पंचा ठेवायला लावत. मे महिन्यात एका जागी डोंगा दगडांना घासू लागला. सोमारीबाई खाली उतरल्या आणि गुडघाभर पाण्यातून दोरीने डोंगा ओढू लागल्या. साहेबही उतरले. सत्तरीकडे झुकलेला माणूस चपला हातात घेऊन नदीतून चालत होता. बाईंनी त्यांना आणखी काही सुनावले नाही. दरवर्षी या दिवसांत असेच ओढावे लागते, एवढे सांगितले.

घरी आल्यावर साहेबांनी जुने कागद पुन्हा काढले. इंग्रजांचे काम का थांबले, तेही त्यांत लिहिलेले होते. वर्षातले बरेच महिने बोटीपुरते पाणी नाही, खडक फोडायचे काम आधीच्या अंदाजाच्या कितीतरी पट निघते, आणि तोवर कापसाच्या बाजारापर्यंत रेल्वे पोचली. साहेबांनी हे सगळे पूर्वी वाचले होते. भाषणात ते हा भाग गाळत, कारण तो लोकांना आवडला नसता.

जूनमध्ये ते आरिफभाईंच्या दुकानात आले. मंडळाच्या खोलीतून त्यांनी मला रिक्षात घालून आणले होते, म्हणून हे मी स्वतः ऐकले. साहेबांनी माफी मागितली नाही. त्यांनी वही उघडून मापे दाखवली. मग म्हणाले, “आंबेटोल्याला परत जायचं आहे. पंप काढून टाक. पडदा नको. येशील का?”

आरिफभाईंनी वहीतली पाने एकेक करून पाहिली. त्यांना त्यातले सगळे कळले असेल असे नाही.

“साहेब, तुमीच केलेलं तुमीच मोडून राह्यले,” ते म्हणाले.

“मोडत नाही. उरलेलं सांगतो आहे.”

पंधरा ऑगस्टला आम्ही पुन्हा निघालो. या खेपेला जीपचे भाडे मंडळाने दिले नाही, साहेबांनी दिले. पाऊस धो धो होता. गावाच्या अलीकडे रस्ता चिखलात बुडाला आणि जीप अडकली. आंबेटोल्याची चार माणसे आली. त्यांनी मला बांबूला बांधून खांद्यावर घेतले आणि कोसभर चालत गावात आणले. शाळेच्या मागे प्राणहिता दोन्ही काठ भरून वाहत होती. झाडे, ओंडके, फेस असे सगळे घेऊन ती चालली होती. एवढे पाणी पाहून कोणालाही वाटावे की इथे जहाजसुद्धा चालेल. साहेबांना त्या दिवशी नदीकडे नुसते बोट दाखवायचे होते, ठराव झाला असता. तसे एका व्यापाऱ्याने त्यांना निघण्याआधी सुचवलेही होते.

साहेबांनी सांगितले, आजची नदी पाहून काही ठरवू नका. त्यांनी आरिफभाईंना मला चालवायला लावले, पडद्याशिवाय, बादलीशिवाय. पाचव्या फेरीला बोट पत्र्यावर टेकली. मग त्यांनी वही वाचली. एप्रिलमध्ये किती पाणी, मेमध्ये किती. पावसाळ्याचे आणि हिवाळ्याचे काही महिने बोटी चालतील. वर्षभर चालवायच्या तर वर मोठे धरण बांधावे लागेल आणि त्यात कोणाची तरी गावे जातील. शेवटी म्हणाले, “हे मागच्या वेळी मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.” त्यांचा आवाज त्या दिवशी चांगला होता, तरी हे वाक्य मागे बसलेल्यांना ऐकू गेले नाही. ते त्यांनी पुन्हा म्हटले.

ठराव झाला नाही. लोकांनी साहेबांना चहा दिला. सोमारीबाई म्हणाल्या की कालवा नाही तर नाही, पण आमच्या घाटाला पायऱ्या करून द्यायला सांगा, पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसाला उतरवताना फार जीव जातो. साहेबांनी तिथेच अर्ज लिहिला. तीन वर्षांनी पायऱ्या झाल्या. अर्जात तीस मागितल्या होत्या, मिळाल्या अठरा.

मंडळ दुसऱ्याच वर्षी बंद पडले. व्यापाऱ्यांचे मन उडाले होते, आणि साहेब आता ज्या सभेत बोलत तिथे इतिहास पूर्ण सांगत. पूर्ण इतिहासाला टाळ्या कमी पडतात. मला पुन्हा मंडळाच्या त्या भाड्याच्या खोलीतच ठेवले होते. खोली सोडताना कोणी मला उचलले नाही. घरमालकाने मला परसात टाकले. पुढे कितीतरी वर्षे त्याच्या शेळ्या माझ्यातून पाणी पीत होत्या. मित्रांनो, मी त्या शेळ्यांना दोष देत नाही. त्यांनी मला निदान रिकामे तरी केले. पावसाळ्यात मात्र पाणी माझ्यात दिवसचे दिवस साचून राहायचे. दारे जाम झाली. बोट कधी हरवली ते कळलेही नाही. वासेकरसाहेब २००३ मध्ये गेले, हे मला घरमालकाच्या घरातल्या बोलण्यातून समजले.

सन २००७ च्या उन्हाळ्यात एका दुपारी आरिफभाई त्या परसात आले. त्यांची दाढी पांढरी झाली होती. बरोबर एक तरुण बाई होत्या. त्या दिव्यानी, सोमारीबाईंची मुलगी. ग्रामसभा झाली तेव्हा त्या बारावीला होत्या आणि आईशेजारी ओट्यावर बसल्या होत्या. आता त्या नदीकाठच्याच एका गावी शाळेत शिक्षिका होत्या. मुलांना पाणी शिकवायला मला घेऊन जावे असे त्यांच्या मनात आले आणि विचारत विचारत त्या आरिफभाईंच्या दुकानापर्यंत पोचल्या. मी कुठे आहे हे आरिफभाईंनाही ठाऊक नव्हते. ते दोन दिवस शोधत फिरले होते.

त्यांनी मला उलटे केले आणि तळावर बोट दाबले. बोट आरपार गेले.

दुकानात नेऊन त्यांनी माझा तळ कापला आणि नवा बसवला. भर हंगामात, कूलरची गिऱ्हाइके दारात उभी असताना. त्यांचे हात आता थोडे थरथरत, म्हणून डाग पूर्वीसारखा सरळ आला नाही, पण पाणी धरले. दाराचे रबर बदलले, नवी बोट केली. या बोटीला त्यांनी निळा रंग दिला, कारण तांबड्याचा डबा सुकला होता. दिव्यानीबाईंनी पंप नको असे आधीच सांगितले होते. पैसे विचारले तेव्हा आरिफभाई म्हणाले, “बाई, एवढंच करा. काम झालं का पुसून ठेवत जा. याले मी दोनदा केलं. तिसऱ्यांदा माह्याच्यानं व्हायचं नाई.”

तेव्हापासून मी शाळेत आहे. दर वर्षी चौथीच्या वर्गात मला बाकावर मांडतात. मुले बोट चढवतात, आणि दर वर्षी पाचव्या फेरीला ती टेकते. मग बाई मुलांनाच बोलू देतात. कोणी म्हणते आणखी पाणी आणू. कोणी विचारते कुठून आणायचे. एका वर्षी एका मुलीने हिशेब मांडला की बोट खाली उतरवतानाही तेवढेच पाणी जाते, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या बोटीने एकच हौद वापरला तर अर्धे वाचेल. हे वासेकरसाहेबांनाही सुचले होते की नाही, मला माहीत नाही. सुचले असते तर त्यांनी मला नक्की सांगून दाखवले असते. ते तिथे असायला हवे होते असे मला त्या दिवशी वाटले.

मित्रांनो, मी फार काही मागत नाही. मोठमोठ्या योजना सांगायला तुमच्याकडे माझ्यासारखे नमुने पुढेही येतील, माझ्याहून सुंदर असतील. ते पाहा, टाळ्या वाजवा आणि एकदा कडेला जाऊन मागूनही पाहा. आणि तुमच्या शाळेत माझ्यासारखी एखादी वस्तू असेल तर खेळून झाल्यावर तिला रिकामी करा, फडक्याने पुसा, कोपरे विसरू नका. रंग वरून शाबूत दिसतो. गंज कोपऱ्यातल्या साचलेल्या पाण्यापासून सुरू होतो, आणि दाबलेले बोट आरपार जाईपर्यंत तो कोणाला दिसत नाही.